मागल्या खोलीचा नियम

शेवगावात आमच्या घराला दोन दारं होती. रस्त्यावरच्या दाराने गडीमाणसं येत, ती मामंजींकडे. बोळातल्या दाराने बायका येत, त्या सासूबाईंकडे. मामंजी हाडं बसवायचे आणि तालमीतल्या पोरांची अंगं चोळायचे. सासूबाई बायकांचं सगळं बघायच्या: बाळंतिणी, भरलेल्या कमरा, अवघडलेल्या माना, कुरकुरणारे गुडघे. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक चौकट होती आणि तिच्यावर जाड पडदा. लढाईच्या वर्षांत कापड कंट्रोलवर गेलं, आमच्या लुगड्यांना ठिगळं पडली, पण तो पडदा सासूबाईंनी विरू दिला नाही. जुन्या घोंगडीचा तुकडा त्याला आतून शिवला आणि तो आधीपेक्षाही जाड झाला.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा चौथी शिकलेली होते आणि तोंडाने फटकळ. माझं माहेर शेवगावजवळच्याच गावात; आई मी लहान असतानाच गेली होती. मावशीने मला पारनेरकडे आपल्या घरी नेऊन वाढवलं. तिच्या घरात बोलल्याशिवाय ताटात भाकरी पडत नसे, म्हणून मी बोलायला शिकले. सासरी येऊन बघते तर सासूबाई दिवसभरात मोजकं बोलणाऱ्या. मी त्यांना आत्याबाई म्हणे. सुरुवातीला त्यांनी मला मागल्या खोलीत नुसतं बसवून ठेवलं. तेल गरम कर, लसूण-ओवा टाक, गाळ, धडपी म्हणजे अंगाखालची फडकी धू. चोळायला हात लावायचा नाही. मला वाटलं, हिला आपली विद्या द्यायची नाही. पण तसं काही नव्हतं. पुढे एक दिवस त्यांनी माझी बोटं धरली आणि स्वतःच्या गालावरून फिरवली. नख लागतं का ते बघत होत्या. लागलं. "दगडावर घास," म्हणाल्या. मी घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाल. असं बरेच दिवस चाललं, आणि त्यांचा गाल मऊ आहे हे मला तेव्हा कळलं.

त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. पण ते पाळण्यात त्या कुणा हेडमास्तरला हार गेल्या नसत्या. चोळायला बसताना हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि वर चिंधी गुंडाळायची, म्हणजे काच कुणाच्या अंगाला लागत नाही. जेवून आलेल्या बाईला चोळायचं नाही. "जेवून आलाव? मग घडीभर बसा, गप्पा मारा आन जावा." ताप असला तर दारातूनच परत. प्रत्येकीने आपलं धडपं आणायचं; एकीचं दुसरीच्या अंगाखाली घालायचं नाही. येते म्हणून सांगितलं आणि निरोप न धाडता आली नाही, तर पुढल्या वेळी तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. आणि जी आधी आली ती आधी. एकदा कचेरीतल्या कुणा साहेबाची बायको आली, तिच्याआधी सरपणाच्या मोळ्या विकणारी बाई बसलेली. साहेबीण उभी राहून घसा खाकरायला लागली. आत्याबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि मोळीवालीला आत घेतलं. साहेबीण फणकारली खरी, पण गेली नाही. तिची कंबर फारच दुखत असणार.

मला सगळ्यात आवडायचा तो नियम म्हणजे, दुखलं तर सांगायचं, सोसायचं नाही. आमच्याकडच्या बायकांना हे जमायचंच नाही. जन्मभर सोसलेलं, एकदम कसं सांगणार? "दुखतंय का?" म्हटलं की "न्हाई बाई" हेच उत्तर. म्हणून आत्याबाई तोंडाकडे बघतच नसत, पायाच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा आखडला की त्यांचा हात आपोआप हलका व्हायचा. मीही पुढे तसंच करायला लागले आणि अजूनही कुणाशी बोलताना माझी नजर आधी पायाकडे जाते. माझ्या सुनेला वाटतं, सासू पायातली जोडवी बघते.

शेवटचा नियम मात्र मला जाच वाटायचा. मागल्या खोलीत कुणाच्या अंगावर काय दिसलं, ते खोलीबाहेर न्यायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. एकदा जेवताना मी सहज म्हणून गेले, "त्या बाळंतिणीची कातडी काय तुकतुकीत हाय." आत्याबाईंनी भाकरी थापता थापता वळून माझ्याकडे असं बघितलं, की पुढचा घास गिळायला मला पाणी लागलं. मामंजींचंही तेच. पुढल्या खोलीतल्या कुणाबद्दल कधी चकार शब्द नाही.

आता माझं सांगते. माझ्या कमरेवर डाव्या अंगाला पांढरा डाग आहे. तेव्हा विड्याच्या पानाएवढा होता, आता चांगलाच पसरलाय. कोड. हा शब्द लिहिताना आज मला काही वाटत नाही. तेव्हा नुसता कानावर आला तरी मी कमरेवरचा पदर ओढून घ्यायची. मावशीने लग्नाआधी मला बजावलं होतं, लुगडं घट्ट नेस, कुणासमोर अंघोळ करू नको, आणि तोंड बंद ठेव. पहिली दिवाळी येईपर्यंत मी ते सांभाळलं. दिवाळीला आत्याबाईंनी तेलाची वाटी घेतली आणि मला पाटावर बसवलं. मी देवाचं नाव घेत डोळे मिटले. त्यांचा हात खांद्यावरून पाठीवर आला, पाठीवरून कमरेवर, डागावरून गेला आणि तसाच पुढे गेला. थांबला नाही, हलका झाला नाही, जड झाला नाही. मी वाट बघत राहिले, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, महिनाभर. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विषय काढल्याशिवाय त्या बोलणार नाहीत हे मला हळूहळू समजलं. यांना कळलं तेव्हा हे एवढंच म्हणाले होते, "दुखतं का?" दुखत नाही म्हटल्यावर कूस बदलून झोपले. असा नवरा मिळाला म्हणून मी आजही स्वतःला भाग्यवान समजते.

तर अशी दोन-तीन वर्षं सुखात गेली. मग त्या मळ्यातल्या मुलीचं प्रकरण झालं.

मुलगी गावाबाहेरच्या मळ्यातली, खाऊनपिऊन सुखी घरातली. सुगी संपता संपता कडब्याच्या गाडीवरून पडली आणि पाठीत भरली. तिची आई तिला बैलगाडीतून आमच्याकडे आणू लागली. आत्याबाई चोळायच्या आणि वर मैदालकडीच्या सालीचा लेप द्यायच्या. तो वाळला की भुरकट पांढरा पडतो आणि सहजी निघत नाही. मुलगी हसरी होती. लेप घालताना म्हणायची, "काकू, भिंत समजून सारवताय का मला?" पाठ बरी झाली, लेप तेवढा पाठीला चिकटून राहिला. आणि एक दिवस ती मळ्यातल्या विहिरीवर अंघोळ करत असताना शेजारच्या कुण्या बाईने लांबून तो पांढरा पट्टा बघितला.

त्याच सुमाराला मुलीचं जमत आलं होतं. मुलगा जवळच्याच गावचा, तालमीत जाणारा, दिसायला रुबाबदार. मुलीला तो आवडला होता. बघायला आला तेव्हा तिने चहा देताना दोनदा वर बघितलं, हे तिनेच मला सांगितलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. विहिरीवरची गोष्ट दोन बाजार फिरली आणि मुलाच्या घरी पोचेपर्यंत पट्ट्याचं कोड झालेलं होतं. त्यांनी निरोप धाडला की जरा थांबू. थांबू म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

मुलीची आई धावत आली. आत्याबाईंच्या पुढ्यात बसून म्हणाली, "काकू, तुमीच तिची पाठ चोळली. तुमाला समदं ठावं हाय. तुमी फकस्त यवढं म्हना, की पोरीच्या अंगाव काय बी न्हाई. तुमच्या शबुदाला समदे मानत्यात."

आत्याबाई धडप्याची घडी घालत होत्या. "मी कुनाचं सांगत न्हाई, बाई."

"अवं पन वाईट कुटं सांगायचंय? चांगलंच सांगायचं हाय."

"चांगलं बी न्हाई. तिचं अंग तिचं हाय. तिला दाखवायचं तर तिनं खुशाल दाखवावं."

"तिचा बाप म्हनतो, माजी लेक काय बाजारातली म्हस हाय का, अंग उघडं करून दावायला?"

"बराबर म्हनत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

ती बाई डोळ्याला पदर लावून गेली आणि माझा भडका उडाला. एरवी मी सासूला उलट बोलत नसे, म्हणजे फार बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "आत्याबाई, त्यो डाग आपल्याच लेपाचा हाय. आपन लावला, आन पोरगी भोगतीय. लेप हुता म्हनून सांगायला काय जातं?"

"लेप घातला म्हंजे पाट भरली हुती. पाट भरली हुती म्हंजे पडली हुती. मंग इचारतील, हाड मोडलं का, पोर व्हईल का. कुटं थांबायचं?"

"मंग लगीन मोडू द्यायचं?"

त्यांनी शेगडीतले निखारे चिमट्याने एकीकडे केले आणि तेलाचं भांडं खाली घेतलं. मला त्यांचा इतका राग आला, की संध्याकाळी मी कालवणात मीठ घालायचं विसरले, आणि विसरले याचं मला बरंही वाटलं. कुणी काही बोललं नाही. त्या घरात अळणी कालवणाचीसुद्धा वाच्यता होत नसे.

बाजारच्या दिवशी मुलीचा मामा पुढल्या खोलीत आला. मी पडद्याच्या अलीकडे तेल गाळत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तो मामंजींना म्हणाला, "पावनं आमच्या पोरीचं काढत्यात, तर म्हनलं आपन बी पोराचं इचारावं. त्यो तुमच्याकडं येतो म्हनं. त्याचा खांदा निखळतो, हे खरं हाय का?"

खरं होतं. मला ठाऊक होतं, कारण खांदा बसवताना तो पोरगा जे ओरडायचा ते पडदाही थोपवू शकत नव्हता. कुस्तीत एकदा निखळलेला तो खांदा पुढे नुसत्या चाबूक मारण्यानेही निखळायचा. बैलं हाकायची, मोट धरायची, असल्या घरात ही गोष्ट साधी नव्हती.

मामंजी म्हणाले, "जोंधळा काय भावानं गेला आज?"

मामाने पुन्हा विचारलं. मामंजींनी पुन्हा जोंधळ्याचं काढलं. शेवटी मामा वैतागून उठला आणि जाता जाता म्हणाला, "ह्या घरात भिंतीला इचारल्यालं बरं." मला हसू आलं आणि रागही आला. दोघं नवरा-बायको एकाच मातीची.

त्यानंतर मुलाची आत्या आली. ती शेवगावातच दिलेली होती. भावाच्या घरात तिचाच शब्द चाले. लग्न लावायचं की मोडायचं हे तिच्याच हातात होतं, ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती. गुडघे दुखतात म्हणून ती आमच्याकडे अधूनमधून येतच असे. त्या दिवशी गुडघे फारसे दुखत नसावेत. धडप्यावर पसरली आणि लगेच विषयाला हात घातला.

"त्या मळ्यातल्या पोरीला तुमी चोळलंय न्हवं?"

"हितं लई जनी येत्यात," आत्याबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर तेल सोडलं.

"माज्यापाशी काय लपवता? कोड हाय का न्हाई, यवढंच सांगा. माजं पोट काय गावदरीचा पानवठा न्हाई, कुनाला कळायचं न्हाई."

"मी कुनाचं सांगत न्हाई."

"न्हाई सांगत म्हंजे हायेच म्हना की." ती कोपरावर उठून बसली. "नसतं तर न्हाई म्हनायला काय तोंड दुकतं?"

मी शेगडीपाशी होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. लेप होता, नुसता लेप होता, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी पळी इतकी घट्ट धरली की तेल सांडलं.

आत्याबाईंचा हात चालूच होता. वरून खाली, एकसारखा. त्या म्हणाल्या, "अक्का, तुमच्या घरची गडीमान्सं बी म्होरल्या खोलीत येत्यात. कुनी येऊन त्यांचं इचारलं, तर काय सांगावं आमी?"

मी अक्काच्या पायाकडे बघितलं. अंगठा आखडला होता.

"कुनी इचारलं का?" तिने हळूच विचारलं.

"ते बी सांगत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

ती पुन्हा आडवी झाली. दुसरा गुडघा पुढे केला. मग ती छताकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुमचं बराबर हाय. कुनाचं न्हाई सांगत म्हंजे कुनाचंच न्हाई सांगत." उठताना तिने आत्याबाईंच्या हाताला धरलं, आणि हा आधार गुडघ्यासाठी नव्हता, एवढं मला कळलं.

सुपारी फुटली. आता त्या आत्यानेच गावभर सांगायला सुरुवात केली, की विहिरीवरच्या बाईला दिसतं कमी आणि बोलायला येतं जास्त. लग्न उन्हाळ्यातच झालं. मी गेले होते. अंतरपाट दूर झाला, नवऱ्या मुलाने माळ घालायला हात उचलला, आणि मंडपात मी एकटीच श्वास रोखून त्याच्या खांद्याकडे बघत होते. खांदा जागेवर राहिला. नवरी मला बघून हसली. जेवणं झाली, आम्ही पान खाऊन घरी आलो. सगळं छान झालं होतं, तरी माझ्या डोक्यातलं जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात धडपी राखेच्या पाण्यात उकळत होतो. मी म्हटलं, "आत्याबाई, पोरीचं नशीब चांगलं म्हनून निभावलं. त्या अक्काच्या भाच्याचा खांदा धड असता तर? येका शबुदानं काम झालं असतं. पोरगी किती रडली."

"रडली," त्या म्हणाल्या. काठीने धडपं खालीवर केलं. "तुज्या येळंला बी मला इचारलं हुतं."

मला आधी समजलंच नाही.

"तुज्या आईच्या शेवटच्या बाळंतपनात मीच गेल्ते. महिनाभर जात हुते. तिला चोळायची, आन तुला बी त्याच पान्यात आंगूळ घालायची. सा वर्साची आसशील. तवा त्यो डाग चिंचोक्यायवढा हुता."

मला अंधूक आठवलं: कढत पाणी, शेपाच्या धुरीचा वास, आणि कुणाचा तरी हात, जो आईचा नव्हता. मी दिवाळीपासून समजत होते की त्यांना तेव्हा पाटावर कळलं. त्यांना मी या घरात यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

"कुनी इचारलं?" मी म्हटलं.

"तुज्या सासऱ्यानं. म्हनले, त्या घरात तू जात हुतीस, पोरगी कशी हाय? मी म्हनले, गुनाची हाय. अंगाचं म्हनाल, तर मी सांगत न्हाई."

"आन मामंजींना संशय न्हाई आला?"

"कसा यील?" आत्याबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "त्याच्या आदल्या साली अशीच येक पोर हुती. नितळ अंग, तीळ सुदीक न्हाई, हे मागनं समद्यांला कळलं. तिच्या पावन्यांनी बी मला इचारलं, आन मी सांगितलं न्हाई. तिचं मोडलं."

पाणी उकळत होतं. मी काठी घेतली त्यांच्या हातातून, कारण मला काहीतरी धरायला हवं होतं. तिचं मोडलं होतं, म्हणून माझं जमलं होतं. आत्याबाई तिच्याबद्दल गप्प बसल्या नसत्या, तर माझ्याबद्दलचं त्यांचं गप्प बसणं सगळ्या घराला ऐकू गेलं असतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"तिचं म्होरं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरीकडं दिली. चांगल्या घरी पडली, पोरंबाळं झाली. आता येती आपल्याकडं चोळून घ्यायला."

"आपल्याकडं? कोन ती?"

त्यांनी धडपं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मला विचारलं, रात्री पिठलं करायचं का. शेवटपर्यंत त्यांनी ते नाव सांगितलं नाही, आणि त्या गेल्यावर तर सांगणारं कुणी उरलंच नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी त्याच खोलीत बायकांना चोळलं. माझ्यापेक्षा थोडी मोठी, लेकुरवाळी, स्वच्छ पाठीची कुणी बाई धडप्यावर पालथी झाली, की माझा हात क्षणभर थांबायचा. मग मी तेल पुन्हा एकदा शेगडीवर धरून कोमट करायची आणि तिला जरा जास्त वेळ चोळायची. अशा पाठी खूप होत्या, त्यामुळे पुष्कळ जणींना जास्त चोळून मिळालं.